तोंडाच्या कर्करोगावरील संशोधकाचे प्रकाशित कार्य आणि त्याचा प्रभाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तोंडाच्या कर्करोगावर काम करणाऱ्या एखाद्या संशोधकाचे नाव शोधले, की शेदोनशे शोधनिबंधांची यादी, हजारांतली उल्लेखसंख्या (इतरांनी आपल्या लेखनात त्याच्या निबंधांचा हवाला किती वेळा दिला, तो आकडा) आणि दोनतीन निर्देशांक एकदम समोर येतात. दंतवैद्यकाचे विद्यार्थी, निवड समित्यांचे सदस्य, पत्रकार आणि रुग्णांचे नातेवाईक या आकड्यांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. आकडे कसे वाचावेत हे त्यांत आहेच. पण एखाद्याचे काम वापरात उतरले की कपाटातच राहिले, हे कशावरून ओळखावे, याला अधिक जागा दिली आहे.

‘प्रकाशित कार्य’ यात नेमके काय धरतात?

मूळ संशोधन मांडणारे शोधनिबंध हा त्याचा गाभा. त्याखेरीज आढावा-निबंध, एकेका रुग्णाचे वृत्तांत, ग्रंथांतील प्रकरणे, संपादकांना लिहिलेली पत्रे, परिषदांतील सारांश आणि तज्ज्ञगटांनी मिळून तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे हेही यादीत येते. हे सगळे एका मापाने मोजता येत नाही. एका रुग्णाचा दोन पानी वृत्तांत आणि दहा वर्षे चाललेली वैद्यकीय चाचणी या दोहोंना यादीत एकेकच ओळ मिळते.

या विषयात आणखी एक गुंता आहे. तोंडाचा कर्करोग हा कोणा एका शाखेच्या मालकीचा नाही. मुखविकृतिशास्त्रज्ञ ऊतींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, शल्यविशारद रुग्ण किती काळ जगला ते नोंदवतो, साथरोगशास्त्रज्ञ घरोघरी फिरून सवयी विचारतो आणि रेणवीय जीवशास्त्रज्ञ जनुकांतील बदल शोधतो. चौघेही ‘तोंडाच्या कर्करोगाचे संशोधक’च, पण त्यांच्या यादीची लांबी, सहलेखकांची संख्या आणि निबंध छापून येण्याचा वेग यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. म्हणून यादी उघडण्याआधी माणूस कोणत्या शाखेतला आहे, हे पाहावे.

ही यादी कुठे मिळते?

वैद्यकीय विषयांसाठी पबमेड हा शोधनिबंधांच्या नोंदींचा, सर्वांना मोफत खुला असलेला साठा आहे. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे वर्गणीचे साठे असून ते साधारणतः विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून पाहता येतात. गूगल स्कॉलर सर्वांसाठी खुले आहे आणि त्याचा पसाराही मोठा आहे. संशोधकाने स्वतः ऑर्किड क्रमांक घेतला असेल, तर त्याच्या सोळा अंकी ओळखीखाली त्याचे काम एकत्र सापडते.

नावांचा घोळ मात्र फार मोठा. शोधनिबंधांत बहुधा आडनाव आणि आद्याक्षरे एवढेच छापले जाते. त्यामुळे पाटील, शहा, गुप्ता किंवा ली अशा आडनावांखाली अनेक माणसांचे काम एका ठिकाणी साचते. उलट लग्नानंतर नाव बदललेल्या किंवा वडिलांच्या नावाचे आद्याक्षर कधी लावणाऱ्या, कधी न लावणाऱ्या एकाच व्यक्तीचे काम दोन-तीन नावांत विखुरते. संस्थेचे नाव, सहलेखक आणि विषय हे तिन्ही जुळल्याशिवाय एखादा निबंध त्याच माणसाचा आहे असे धरून चालू नये.

एकाच संशोधकाची उल्लेखसंख्या प्रत्येक ठिकाणी वेगळी का दिसते?

कारण प्रत्येक साठा वेगवेगळी नियतकालिके मोजतो. गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तके, अप्रकाशित मसुदेही धरते, म्हणून तेथील आकडा बहुतेक वेळा सर्वांत मोठा असतो. आकडा सांगताना तो कोणत्या साठ्यातला आणि कोणत्या तारखेचा, हे न सांगणाऱ्या परिचयपत्राकडे थोडे सावधपणे पाहावे.

एच-निर्देशांक म्हणजे काय?

भौतिकशास्त्रज्ञ होर्खे हिर्श यांनी २००५ साली हा निर्देशांक सुचवला. एखाद्याच्या किमान ३० शोधनिबंधांचा प्रत्येकी किमान ३० वेळा इतरत्र उल्लेख झाला असेल आणि ३१ निबंधांबाबत तसे म्हणता येत नसेल, तर त्याचा एच-निर्देशांक ३० होतो. केवळ ढिगाने लिहिणाऱ्याला आणि एकाच गाजलेल्या निबंधावर जगणाऱ्याला, दोघांनाही तो लगाम घालतो, हा त्याचा गुण. दोष असा, की तो कधीच खाली येत नाही, वयाबरोबर आपोआप वाढतो आणि लेखकाचा वाटा किती होता हे मुळीच सांगत नाही.

तोंडाच्या कर्करोगाच्या बाबतीत शाखांमधली तुलना तर पूर्णच फसवी ठरते. जनुकीय अभ्यासात पन्नास-साठ सहलेखक असणे सामान्य आहे आणि असे निबंध कर्करोगाच्या इतर शाखांतूनही उद्धृत होतात. एखाद्या जिल्ह्यातील सवयींचा चिकाटीने केलेला अभ्यास वाचणारे मुळातच मोजके. दोघांचे निर्देशांक शेजारी मांडून कोण मोठा हे ठरवणे म्हणजे कुस्तीगीर आणि धावपटू यांना एकाच तराजूत तोलणे होय.

मोठ्या ‘इम्पॅक्ट फॅक्टर’च्या नियतकालिकात छापून आले, म्हणजे काम मोठे का?

नाही. इम्पॅक्ट फॅक्टर हा नियतकालिकाचा गुण आहे, निबंधाचा नव्हे आणि लेखकाचा तर नव्हेच. एखाद्या वर्षी त्या नियतकालिकाच्या आधीच्या दोन वर्षांतील मजकुराचे जितके उल्लेख झाले, त्यांना त्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांच्या संख्येने भागले, की तो मिळतो. यूजीन गारफील्ड यांच्या कामातून तो पुढे आला आणि ग्रंथालयांना नियतकालिके निवडायला त्याचा उपयोग झाला. थोड्या निबंधांना भरमसाट आणि बाकीच्यांना जेमतेम उल्लेख मिळतात, त्यामुळे सरासरीवरून एकट्या निबंधाविषयी काहीच ठरत नाही. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या संपादकांनी आणि प्रकाशकांनी नेमकी हीच गोष्ट जाहीरनाम्यात मांडली. तरीही नेमणुका आणि बढत्यांच्या अर्जांत हा रकाना अजून टिकून आहे.

मग खरा प्रभाव कसा ओळखावा?

संशोधकाने दिलेला शब्द, व्याख्या, मोजमाप किंवा उपचाराचा क्रम त्याचे नाव न घेता वापरला जाऊ लागला, तर प्रभाव खरा. उल्लेख मोजणाऱ्या यंत्रांना नेमके हेच दिसत नाही, कारण सर्वमान्य झालेल्या गोष्टीचा उगम सांगण्याची गरज कोणाला वाटत नाही.

सबम्युकस फायब्रोसिसचे उदाहरण घ्या. तोंडाच्या आतील त्वचा हळूहळू ताठर होऊन तोंड उघडेनासे होते, हा विकार १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातील भारतीय वंशाच्या स्त्रियांमध्ये वर्णिला आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी तो स्वतंत्रपणे मांडला. डेन्मार्कचे मुखविकृतिशास्त्रज्ञ येन्स पिंडबोर्ग आणि मुंबईत कर्करोगाच्या ऊतींवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काम करणाऱ्या सत्यवती सिरसाट यांनी १९६६ साली त्याची जी व्याख्या केली, ती मात्र टिकली. व्याख्येत त्यांनी रोगाची लक्षणे आणि ऊतींतील बदल एकाच वाक्यात गुंफले : आवरणाखालील दाह, मग तंतूंची वाढ, आवरणाचे पातळ होणे आणि शेवटी ताठरपणा. आजही पदव्युत्तर विद्यार्थी हे वाक्य पाठ म्हणून दाखवतात. त्यांतल्या कित्येकांनी मूळ निबंध पाहिलेलाही नसतो. माझ्या मते एखाद्या निबंधाला यापेक्षा मोठी पावती मिळू शकत नाही.

दुसरे उदाहरण शब्दाचे. १९५३ मध्ये स्लॉटर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ७८३ रुग्णांच्या ऊती तपासून दाखवले, की गाठीच्या आजूबाजूचा, वरवर निरोगी दिसणारा भागही बदललेला असतो; सगळे शेतच बिघडावे तसा. त्यासाठी त्यांनी ‘फील्ड कॅन्सरायझेशन’ हा शब्द वापरला. एकदा कर्करोग काढल्यानंतर तोंडात दुसऱ्या जागी नवा का उगवतो, याचे उत्तर त्यातून मिळाले. तेव्हा जनुके वाचण्याची साधने नव्हती. ती आल्यावर रेणवीय जीवशास्त्रज्ञांनी हीच कल्पना नव्या पुराव्यांनी तपासली आणि त्या जुन्या निबंधाचे उल्लेख पुन्हा वाढले.

तिसरे उदाहरण नावांच्या फेरमांडणीचे आहे. पांढरे चट्टे, लाल चट्टे, सबम्युकस फायब्रोसिस अशा अवस्थांना जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७८ च्या मांडणीत ‘कर्करोगपूर्व विकृती’ आणि ‘कर्करोगपूर्व अवस्था’ अशा दोन कप्प्यांत टाकले होते. ‘कर्करोगपूर्व’ म्हटल्यावर पुढे कर्करोग होणारच असे ध्वनित होते. प्रत्यक्षात बहुसंख्य चट्ट्यांचा कर्करोग होत नाही. २००५ मध्ये लंडनला जमलेल्या तज्ज्ञांनी ‘कर्करोगाची शक्यता असलेले मुखविकार’ ही एकच संज्ञा सुचवली आणि समन वर्णकुलसूर्य व सहकाऱ्यांनी ती २००७ मध्ये प्रसिद्ध केली. नाव बदलल्याने चट्टा बदलत नाही, हे खरे. पण डॉक्टर रुग्णाला काय सांगतो, हे त्या नावाने बदलले.

एखाद्या शोधनिबंधामुळे उपचारच बदलल्याचे उदाहरण आहे का?

आहे, आणि ते भारतातले आहे. तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात असेल आणि मानेत गाठ हाताला लागत नसेल, तर मूळ शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील लसिकाग्रंथीही (लिम्फ नोड) काढाव्यात, की गाठ दिसेपर्यंत थांबून लक्ष ठेवावे, हा वाद अनेक दशके चालला होता. ग्रंथी काढल्या तर अनेकांवर विनाकारण मोठी शस्त्रक्रिया होते आणि खांदा दुखावण्याची भीती राहते. न काढल्या तर काहींच्या मानेत लपलेला रोग वाढतो. दोन्ही बाजूंना अनुभवी शल्यविशारद होते आणि प्रत्येकाकडे आपापल्या रुग्णांचे दाखले होते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अनिल डीक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ पासून रुग्णांची यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, विभागणी करून ही चाचणी चालवली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. विश्लेषणात घेतलेल्या ५०० रुग्णांपैकी ज्यांच्या ग्रंथी सुरुवातीलाच काढल्या होत्या, त्यांच्यातील ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. थांबून पाहिलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. रोग न उलटता तीन वर्षे काढलेल्यांतील फरक तर आणखी मोठा निघाला : ६९.५ टक्के आणि ४५.९ टक्के. वाद मिटायला एवढे पुरले.

या निबंधाची उल्लेखसंख्या मोठी आहे, पण तिच्यावर नजर खिळवू नये. पाहण्याजोगी गोष्ट ही, की प्रश्न रोजच्या शस्त्रक्रियेतला होता, दोन्ही गटांची तुलना प्रामाणिक होती आणि उत्तर दुसऱ्या दिवशीच्या शस्त्रक्रियेत वापरता येण्याजोगे होते. असा निबंध एखाद्याच्या यादीत एकच असला, तरी त्या यादीचे वजन बदलते.

एकाच निबंधातून दोन वेगळे निष्कर्ष काढलेले दिसतात. कोणता खरा?

बहुधा दोन्ही अर्धे खरे असतात. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आर. शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी केलेली तपासणी-चाचणी याचा उत्तम नमुना आहे. १३ वस्त्यांपैकी सात ठिकाणी प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी ३५ वर्षे व त्यावरील लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासली; सहा ठिकाणी नेहमीची व्यवस्था होती. दोन्ही मिळून १,९१,८७३ माणसे होती. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू, मद्य किंवा दोन्ही घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणीच्या गटात ३४ टक्क्यांनी कमी होते. सर्व लोकांचा एकत्र विचार केला, तर घट दिसली, पण ती योगायोगाने आली नसेल असे सांख्यिकीच्या कसोटीवर म्हणता येत नव्हते.

आता या निबंधाचा हवाला देताना कोणी ‘तपासणीने मृत्यू एक-तृतीयांशाने घटतात’ एवढेच लिहिले आणि ‘व्यसन असलेल्यांमध्ये’ हे दोन शब्द गाळले, तर मूळ निबंध निर्दोष असूनही त्याचा प्रभाव चुकीच्या दिशेने जातो. उल्लेख मोजणारे यंत्र त्या वाक्यालाही एक गुण देते. म्हणून उल्लेख किती झाले याबरोबरच ते कसे झाले, हे निदान पाच-सहा निबंध उघडून पाहावे. कंटाळवाणे काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

दोन निबंधांतील ‘तोंडाचा कर्करोग’ एकच असतो का?

नेहमी नाही. काही अभ्यासांत ओठ, जीभ, गाल, हिरड्या, टाळू एवढेच धरलेले असते. काहींत घशाचा भागही मिसळलेला असतो. घशातील, विशेषतः टॉन्सिलमधील कर्करोगांत एचपीव्ही विषाणूचा मोठा वाटा असतो आणि ते रुग्ण उपचारांना बरा प्रतिसाद देतात. तंबाखू-सुपारीमुळे होणाऱ्या तोंडातील कर्करोगाची गोष्ट वेगळी. पश्चिमेकडील अभ्यासांत जिभेचे रुग्ण अधिक, तर भारतात गाल आणि हिरडी यांमधील खाचेतले अधिक. याच कारणाने आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुक प्रकल्पातील भारतीय गटाने २०१३ मध्ये नेमक्या गाल-हिरडीच्या कर्करोगातील जनुकीय बदलांचा स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. एका जागेचे निष्कर्ष दुसरीवर लादणारा निबंध कितीही उद्धृत झालेला असो, त्याच्या आधाराने पुढची पायरी चढू नये.

कर्करोगाचे टप्पे ठरवण्याचे नियम कोणत्या संशोधकाच्या नावावर जमा करावेत?

एकाच्याही नाही. पूर्वी गाठीची रुंदी मोजून टप्पा ठरत असे. गाठ किती खोल गेली हे अधिक महत्त्वाचे आहे, असे १९८० च्या दशकापासून वेगवेगळे गट सांगत होते. ११ केंद्रांतील ३,१४९ रुग्णांची माहिती एकत्र करणारा निबंध २०१४ मध्ये आला आणि टप्पे ठरवण्याच्या नियमांच्या आठव्या आवृत्तीत पाच आणि दहा मिलिमीटर या खोलीच्या मर्यादा रूढ झाल्या. ज्यांनी १९८० च्या दशकात मोजकी प्रकरणे मोजून हे सुचवले, त्यांचे नाव आता अहवालात कुठेच येत नाही. पण प्रत्येक विकृतिशास्त्रज्ञ खोली मोजताना त्यांचेच बोट धरून चालत असतो.

धोरणांवरील प्रभाव कसा पाहावा?

येथे घाई करून चालत नाही, कारण निबंध आणि कायदा यांत कधी कधी अर्धशतकाचे अंतर असते. १९३३ मध्ये ऑर यांनी त्रावणकोरमधील पान खाणाऱ्यांच्या तोंडाच्या कर्करोगावर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. १९४४ मध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईतील लागोपाठच्या १,००० रुग्णांचा आढावा ‘कॅन्सर रिसर्च’मध्ये प्रसिद्ध केला. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत संशोधन विभागात फली मेहता, पिंडबोर्ग, प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी भावनगर, एर्नाकुलम, श्रीकाकुलम, सिंगभूम आणि दरभंगा या पाच जिल्ह्यांत घरोघरी जाऊन ५०,९१५ ग्रामस्थांची तोंडे तपासली. तो निबंध १९६९ चा. रुग्णालयात येणारे मोजणे सोपे असते. गावात जाऊन न आलेल्यांना मोजणे हे त्या कामाचे वेगळेपण होते. याच गटाने नंतर ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांना सवय सोडण्याचा सल्ला देऊन काय फरक पडतो ते पाहिले आणि १९८६ मध्ये त्याचा वृत्तांत दिला.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखू घातलेल्या पानाला कर्करोगकारक ठरवले. तंबाखूविरहित पान आणि सुपारी यांना तोच दर्जा मिळायला २००४ उजाडले. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी भारतात खाद्यपदार्थांत तंबाखू आणि निकोटिन वापरण्यास मनाई केली आणि त्याच्या आधारे २०१२ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी गुटख्यावर बंदी आणली. या साखळीत कोणाचा वाटा किती टक्के, हा प्रश्न निरर्थक आहे. त्या मूल्यमापनांमागे असलेल्या पुराव्याच्या ढिगाऱ्यात गावोगाव फिरून केलेली ही मोजणी होती, एवढे मात्र पाहता येते. संशोधकाचा धोरणावरील प्रभाव तपासायचा असेल, तर अशा मूल्यमापन-अहवालांच्या संदर्भसूचीत त्याचे नाव शोधावे. ते काम उल्लेखसंख्या देणारी साधने फार अर्धवट करतात.

जुन्या मोठ्या संशोधकांची उल्लेखसंख्या कमी का दिसते?

तेव्हा संशोधक कमी, नियतकालिके कमी आणि त्या काळातील कित्येक निबंध आजच्या साठ्यांत अपुरे नोंदलेले. खानोलकरांच्या १९४४ च्या निबंधाची आजच्या निबंधाशी आकड्यांत तुलना करणे म्हणजे त्या काळच्या पगाराची आजच्या पगाराशी तुलना करण्यासारखे आहे.

लेखकांच्या क्रमाला काही अर्थ असतो का?

असतो. जैववैद्यकीय निबंधांत पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे नाव प्रयोगशाळेच्या वा गटाच्या प्रमुखाचे असते. मधल्या नावांतून फारसे काही कळत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक म्हणवण्यासाठी चार अटी घातल्या आहेत : कामात ठोस वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सेत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि सर्व कामाची जबाबदारी. केवळ विभागप्रमुख म्हणून नाव घालण्याची रीत या अटींत बसत नाही. ती सर्वत्र गेली आहे, असेही म्हणता येणार नाही. ज्याचे नाव वर्षाला साठ निबंधांवर मधोमध दिसते, त्याला प्रत्येक निबंधाविषयी ‘यात तुमचा वाटा काय?’ हा साधा प्रश्न विचारून पाहावा.

लाळेतून किंवा रक्तातून निदान करणाऱ्या चाचण्यांवर इतके निबंध असूनही त्या दवाखान्यात का दिसत नाहीत?

या विषयातील सर्वांत फुगलेला कोपरा हाच आहे. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातील एका गटाने लाळेतील आरएनए (जनुकांचा निरोप वाहून नेणारे रेणू) तपासून ३२ रुग्ण आणि ३२ निरोगी माणसे वेगळी ओळखता येतात, असे दाखवले. चाचणी ९१ टक्के रुग्ण पकडत होती आणि ९१ टक्के निरोगी माणसांना बरोबर निरोगी ठरवत होती. निबंध महत्त्वाचा होता, कारण लाळेसारख्या सहज मिळणाऱ्या द्रवात ही माहिती असते, हे त्याने पुढे आणले. त्यानंतर याच वाटेने असंख्य निबंध आले.

अडचण गणिताची आहे. रुग्ण आणि निरोगी निम्मे-निम्मे असताना ९१ टक्के फार चांगले वाटतात. प्रत्यक्ष तपासणीत १,००० माणसांत दोनच रुग्ण असतील, तर उरलेल्या ९९८ पैकी सुमारे ९० निरोगी माणसांना हीच चाचणी रुग्ण ठरवील. दोघांना पकडण्यासाठी नव्वदांना घाबरवणे कोणत्याही कार्यक्रमाला परवडत नाही. शिवाय खरा प्रश्न कर्करोग आणि निरोगी तोंड यांतील फरकाचा नसतोच, तो डोळ्यांना दिसतो. खरा प्रश्न कोणता पांढरा चट्टा उद्या बिघडेल, हा असतो. तो सोडवायचा तर शेकडो माणसांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते, आणि असा अभ्यास पदवीच्या मुदतीत बसत नाही.

म्हणून अशा विषयावरील संशोधकाची यादी पाहताना एकच पाहावे : त्याने पहिल्या गटात सापडलेली रोगाची खूण (बायोमार्कर) दुसऱ्या, स्वतंत्र गटात पुन्हा तपासली का? दर वर्षी नवी खूण आणि जुनीचा पाठपुरावा नाही, अशी यादी लांब असू शकते, खोल नसते. कर्करोगाच्या खुणांवरील निबंधांत काय काय सांगितलेच पाहिजे, याचे ‘रिमार्क’ नावाचे निकष २००५ पासून उपलब्ध आहेत. ते पाळल्याचा उल्लेख निबंधात असेल, तर लेखकाने निदान प्रश्न ओळखला आहे असे समजावे.

नावाजलेल्या नियतकालिकातील निबंधही खोटा असू शकतो का?

असू शकतो, आणि याच विषयात तसे घडले आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये नॉर्वेतील संशोधक यॉन सुडब्यो यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. साध्या वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्या धूम्रपान करणाऱ्यांना तोंडाचा कर्करोग कमी होतो, असा त्याचा दावा होता. त्यातील ९०८ माणसे पूर्णपणे रचलेली निघाली. त्यांपैकी २५० जणांची जन्मतारीखही एकच होती. परीक्षक आणि संपादक यांपैकी कोणाच्याही लक्षात हे आले नाही. पुढे चौकशी समितीने त्यांचे इतर बरेचसे कामही ग्राह्य नसल्याचे सांगितले आणि पांढऱ्या चट्ट्यांतील डीएनएच्या प्रमाणावरून मृत्यूचा धोका सांगणारा, डॉक्टरांनी गंभीरपणे घेतलेला निबंधही मागे घेतला गेला.

या प्रकरणात नुकसान दुहेरी झाले. चट्ट्यांतील डीएनएचा प्रश्न खरा होता आणि इतर गट त्यावर प्रामाणिकपणे काम करत होते. त्यांना आपला पुरावा पुन्हा शून्यापासून उभा करावा लागला. शिवाय मागे घेतलेल्या निबंधांचे उल्लेख थांबत नाहीत, कारण लिहिणारे मूळ निबंध न उघडता दुसऱ्याच्या यादीतून संदर्भ उचलतात. पबमेडवर मागे घेतलेल्या निबंधावर तशी स्पष्ट खूण असते. संदर्भ देण्याआधी ती पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही.

स्वतःचेच उल्लेख करणे गैर आहे का?

मर्यादेत असेल तर नाही. दहा वर्षांचा एकच अभ्यास चालवणाऱ्याला आपल्या आधीच्या निबंधाचा हवाला द्यावाच लागतो. स्कोपसमध्ये स्वतःचे उल्लेख वगळून आकडा पाहता येतो. वगळल्यावर तो कोसळत असेल, तर कारण शोधावे.

शोधनिबंधांच्या संख्येवरून डॉक्टर निवडावा का?

नाही. संशोधन आणि शस्त्रक्रियेचे कौशल्य ही वेगळी कामे आहेत; काहींच्या ठायी दोन्ही असतात, काहींच्या नसतात. आपल्यासारखे किती रुग्ण डॉक्टरांनी हाताळले आहेत आणि शल्यविशारद, विकिरणतज्ज्ञ व विकृतिशास्त्रज्ञ एकत्र बसून निर्णय घेतात का, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

विद्यार्थ्याने एखाद्या संशोधकाचे काम वाचायला कुठून सुरुवात करावी?

सर्वाधिक उद्धृत निबंधापासून नव्हे. तो बहुधा आढावा-निबंध असतो. आढावे सोयीचे असल्याने त्यांचे उल्लेख फार होतात. त्याऐवजी त्या संशोधकाचा पहिला मूळ निबंध शोधावा, म्हणजे त्याला कोणता प्रश्न टोचत होता ते कळते. मग त्याच प्रश्नावरचा त्याचा सर्वांत अलीकडचा निबंध वाचावा आणि मधल्या वर्षांत त्याने कोणते मत बदलले ते शोधावे. यादीत स्वतःच्या आधीच्या निष्कर्षाला दुरुस्त करणारा किंवा अपेक्षित फरक न सापडल्याचे सरळ सांगणारा एखादा निबंध मिळाला, तर तो सर्वांत आधी छापून घ्यावा. तिसऱ्या पायरीवर त्याच्याशी असहमत असलेल्या दुसऱ्या गटाचा निबंध घ्यावा आणि दोघांच्या ‘पद्धती’ या भागातील तक्ते शेजारी ठेवून रुग्ण कोठून आले, किती काळ पाहिले आणि किती हातचे निसटले, एवढ्या तीन ओळी वहीत उतरवाव्यात.